शंका-समाधान : जुन्या संगणकाचं घड्याळ

मागच्या अंकात जुने घरगुती संगणक शाळेच्या प्रयोगशाळेत कसे कामाला लावता येतात, याविषयी लिहिलं होतं. त्यावर जव्हार-मोखाडा भागातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख वेळेवर आहे. कुणाचं घड्याळ पुढे पळतं, कुणाचं मागे पडतं, कुणाला शतांश सेकंद पुरत नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहे. उत्तरं वेगवेगळी असली तरी सूत्र एकच आहे: मोजण्याचं काम टायमर चिपला करू द्या, प्रोसेसरला फक्त आकडा वाचू द्या.

शंका १ : आमच्या शाळेत नाशिकच्या एका शाळेने मोडीत काढलेला बीबीसी मायक्रो आहे. एक मीटरवरून लोखंडी गोळी सोडतो आणि ती खालच्या पत्र्यावर आदळेपर्यंतचा वेळ बेसिकमधल्या ‘टाइम’ने मोजतो. कधी ०.४४, कधी ०.४५, कधी ०.४६ सेकंद येतो. त्यावरून गुरुत्व त्वरण काढलं तर १०.३ पासून ९.४५ पर्यंत काहीही येतं. मुलांसमोर पंचाईत होते. याहून बारीक वेळ या मशीनवर मोजता येईल का?
– विज्ञान शिक्षक, आश्रमशाळा, मोखाडा तालुका

समाधान : येईल, आणि त्यासाठी लागणारी चिप तुमच्या मशीनमध्ये आधीपासूनच आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून, सुरुवातीला २५० शाळांत, हेच एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले होते. या मशीनमध्ये ६५२२ नावाच्या दोन चिपा असतात. पहिली मशीनच्या स्वतःच्या कामाला जुंपलेली. दुसरी, म्हणजे ‘यूझर’ची, खास वापरणाऱ्यासाठी ठेवलेली. प्रत्येकीत दोन टायमर असतात आणि ते सेकंदाला दहा लाख ठोके मोजतात.

‘टाइम’ कसा चालतो ते आधी बघू. पहिल्या चिपचा टायमर दर १०,००० मायक्रोसेकंदांनी प्रोसेसरला थांबवतो (यालाच इंटरप्ट म्हणतात) आणि प्रोसेसर ‘टाइम’मध्ये एक मिळवतो. दोन ठोक्यांच्या मध्ये काय घडलं याचा ‘टाइम’ला पत्ता नसतो. एक मीटर पडायला खरा वेळ लागतो ०.४५२ सेकंद. म्हणजे तुम्हाला बहुतेक वेळा ०.४५ आणि अधूनमधून ०.४६ यायला हवं. ०.४४ येतंय, त्याअर्थी आणखी एक भानगड आहे: गोळी सुटल्याचं बेसिकच्या लूपला उशिरा कळतंय. एक फेरी मारायला त्या लूपला साधारण एक-दोन मिलिसेकंद लागतात आणि मध्ये सेकंदाला शंभर इंटरप्ट येतात ते वेगळेच.

आता उपाय. मशीनच्या पोटाखाली ‘यूझर पोर्ट’ लिहिलेला वीस पिनांचा सॉकेट आहे. मशीन बंद करून त्याच्या १८ आणि २० क्रमांकाच्या पिना एका वायरने जोडा. २० वर पहिला टायमर चौकोनी लहर सोडू शकतो आणि १८ वर येणारे ठोके दुसरा टायमर मोजू शकतो. आता मशीन चालू करून प्रश्नचिन्हाच्या आज्ञेने पुढचे आकडे याच क्रमाने लिहा. ६५१२२ या पत्त्यावर १२८, म्हणजे एक पिन बाहेर सोडणारी आणि दुसरी आत घेणारी. ६५१३१ वर २२४, म्हणजे पहिला टायमर अखंड चालणारा आणि दुसरा ठोके मोजणारा. ६५१२८ वर २५५ आणि ६५१२९ वरही २५५, म्हणजे मोजणी ६५,५३५ पासून खाली. शेवटी ६५१२४ वर २४२ आणि ६५१२५ वर १. हा शेवटचा आकडा लिहिताक्षणी मोजणी सुरू होते.

२४२ आणि १ मिळून ४९८ होतात. पाचशे का नाहीत? कारण हा टायमर शून्याखाली आणखी एक पायरी जातो आणि पुन्हा भरून घ्यायला आणखी एक ठोका घेतो. म्हणजे लिहिलेल्या आकड्यात नेहमी दोन मिळवायचे. ४९८ लिहिलं की दर ५०० मायक्रोसेकंदांनी पिन पलटते आणि पूर्ण लहर बरोबर एक मिलिसेकंदाची होते. मशीनचं स्वतःचं ‘टाइम’सुद्धा १०,००० साठी ९९९८ च लिहितं. हे दोन विसरून कुणी स्वतःच्या घड्याळासाठी १०,००० लिहिले, तर दिवसाला सतरा सेकंदांची घट येते आणि माणूस बिचारा क्रिस्टलला दोष देत बसतो.

वाचताना ६५१२९ वरचा आकडा गुणिले २५६, अधिक ६५१२८ वरचा, आणि ही बेरीज ६५,५३५ मधून वजा. इतके मिलिसेकंद झाले. पण प्रोसेसर एका वेळी एकच बाइट वाचतो. वरचा बाइट वाचून खालच्याकडे वळेपर्यंत मध्येच हातचा बदलला तर २५६ मिलिसेकंदांची चूक होते. म्हणून वरचा, खालचा आणि पुन्हा वरचा असं वाचायचं. दोन्ही वेळा वरचा सारखाच आला तर आकडा घ्यायचा, नाहीतर पुन्हा वाचायचा.

हे घड्याळ ६५ सेकंदांपर्यंत चालतं आणि त्या काळात प्रोसेसर काहीही करत असला तरी एकही ठोका चुकत नाही. तुमच्या गोळीचा वेळ आता ४५२ मिलिसेकंदांच्या आसपास येईल. एका मिलिसेकंदाच्या फरकाने त्वरणात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो. सुरुवात आणि शेवट टिपण्यातला उशीर मात्र अजून शिल्लक आहे. त्याचा बंदोबस्त पुढच्या उत्तरात आहे.

एक सूचना. बरीच वर्षं पडून राहिलेल्या बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सवरचे जुने कागदी कपॅसिटर असतात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांच्या आवरणाला तडे जातात आणि चालू केल्यावर काही मिनिटांत ते धूर सोडतात. पहिल्यांदा चालू करण्याआधी ते जाणकाराकडून बदलून घ्या. पाच-पन्नास रुपयांचं काम आहे.

शंका २ : सर, मी ढकलगाडीचा वेग मोजायला लाइट गेट बनवलं आहे. एलडीआर, समोर बल्ब, आणि गाडीवर ५ सेंटीमीटर रुंदीचा पुठ्ठा. पुठ्ठा प्रकाश अडवतो तेवढा वेळ मोजायचा आहे. पण त्याच उतारावरून गाडी सोडली तरी वेळ कधी ६० मिलिसेकंद, कधी ८०. प्रोग्रॅम मशीन कोडमध्ये लिहू का?
– अकरावी विज्ञान, जव्हार

समाधान : लिहायला हरकत नाही, शिकशील. बेसिकऐवजी मशीन कोडचा लूप घातलास तर दहा मायक्रोसेकंदांच्या आत बदल पकडता येतो. पण तुझा गोंधळ तिथे नाही. एलडीआर हा फार सुस्त घटक आहे. अंधार झाल्यावर त्याचा रोध हळूहळू चढतो, त्याला काही दशक मिलिसेकंद लागतात, आणि किती लागतील ते आधी किती उजेड होता यावर ठरतं. त्याच्या जागी फोटोट्रान्झिस्टर बसव. तो मायक्रोसेकंदांत बदलतो. बल्बच्या जागी बॅटरीवरचा एलईडी घे, कारण मेन्सवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. फोटोट्रान्झिस्टरभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळ, म्हणजे वर्गातली ट्यूबलाइट त्यात लुडबुड करणार नाही.

आता प्रोसेसरला या कामातून पूर्ण बाजूला काढू. दुकानात ७४०८ आणि ७४१४ या दोन चिपा मागून घे. फोटोट्रान्झिस्टरचा सिग्नल आधी ७४१४ मधून ने, म्हणजे त्याच्या कडा साफ होतील. मग ७४०८ च्या एका गेटला एका बाजूने हा सिग्नल दे आणि दुसऱ्या बाजूने यूझर पोर्टची २० क्रमांकाची पिन. गेटचं आउटपुट १८ क्रमांकाच्या पिनेला. आता पुठ्ठा आडवा असेल तेवढाच वेळ ठोके पलीकडे जातात आणि दुसरा टायमर तेवढेच मोजतो. गाडी निघून गेल्यावर तू निवांत आकडा वाच. वाचायला पाच मिनिटं उशीर झाला तरी आकडा तोच राहतो. सिग्नल उलटा निघाला, म्हणजे प्रकाश असतानाच ठोके जायला लागले, तर ७४१४ चं आणखी एक गेट मध्ये घाल.

पहिल्या उत्तरातली आकड्यांची मांडणी तशीच ठेव, तिथली १८ आणि २० जोडणारी वायर मात्र काढून टाक. फक्त ६५१२४ वर ८ आणि ६५१२५ वर ० लिही. आठ अधिक दोन, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांनी पिन पलटेल आणि पूर्ण लहर वीस मायक्रोसेकंदांची होईल. गाडीचा वेग सेकंदाला एक मीटर असेल तर पुठ्ठा ५० मिलिसेकंद आड राहील आणि तुला २,५०० ठोके मिळतील. एका ठोक्याची चूक म्हणजे ०.०४ टक्के. पुठ्ठा कापताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर ती चूक एक टक्क्याची. तेव्हा आता कात्री नीट चालव, घड्याळाची काळजी सोड.

वायरी जोडताना-काढताना मशीन बंदच हवं. ही पोर्टची चिप बोटावरच्या स्थिर विजेनेही मरते.

शंका ३ : माझ्याकडे डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. बेसिकमध्ये घड्याळाचा प्रोग्रॅम लिहिला आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ५० ने भागलं. तरी दिवसाला सव्वादोन मिनिटं पुढे जातं. दर तासाला टोल वाजवणारी ‘बीप’ टाकली, तर आता मागेही पडायला लागलं! क्रिस्टल गेला का?
– निवृत्त पोस्ट कर्मचारी, जव्हार

समाधान : क्रिस्टल ठणठणीत आहे. स्पेक्ट्रममध्ये ६५२२ सारखी टायमरची चिपच नाही. टीव्हीचं एक चित्र पूर्ण झालं की प्रोसेसरला एक इंटरप्ट मिळतो आणि २३६७२, २३६७३, २३६७४ या तीन पत्त्यांतला आकडा एकाने वाढतो. घड्याळ म्हणून एवढंच काय ते. टीव्हीची चित्रं सेकंदाला पन्नास असं धरून आपण ५० ने भागतो.

पण या मशीनचं चित्र पन्नासला अगदी धरून नाही. एका ओळीला प्रोसेसरचे २२४ ठोके, एका चित्रात ३१२ ओळी, म्हणजे ६९,८८८ ठोके. प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोक्यांनी चालतो. भागाकार करून बघा: ५०.०८. हा ०.०८ दिवसभरात १३८ सेकंद होतो, म्हणजे तुमची सव्वादोन मिनिटं. सगळ्या ४८ के स्पेक्ट्रमचं हेच आहे. ५० ऐवजी ५०.०८ ने भागा.

बीपचं कारण वेगळं. या मशीनमध्ये आवाज काढायलाही वेगळी चिप नाही. प्रोसेसर स्वतःच स्पीकर आतबाहेर करतो आणि सूर बिघडू नये म्हणून तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवतो. त्या काळातले ठोके साठून राहत नाहीत, ते गेलेच. पाच सेकंदांचा टोल म्हणजे पाच सेकंदांची घट. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवताना आणि उतरवतानाही हेच होतं. टोल ठेवायचाच असेल तर त्याची लांबी तुम्हाला ठाऊक आहे. ती सेकंदांत मोजून, ५०.०८ ने गुणून, प्रत्येक टोलानंतर प्रोग्रॅममध्येच मिळवा.

आकडा वाचतानाही पहिल्या उत्तरातलाच धोका आहे, कारण तीन बाइट एका दमात वाचता येत नाहीत. लागोपाठ दोनदा वाचा आणि मोठा असेल तो घ्या. तिन्ही बाइट भरून आकडा शून्यावर यायला पावणेचार दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा.

शंका ४ : मावसभाऊ न्यू जर्सीहून येताना त्याचा लहानपणचा कमोडोर ६४ घेऊन आला. २३० चे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. बेसिकमधलं घड्याळ बरोबर चालतं, पण चिपमधलं ‘वेळ-दर्शक’ घड्याळ तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. एकाच मशीनमध्ये दोन घड्याळं आणि दोघांचं दोन ठिकाणी!
– एक वाचक, खोडाळा

समाधान : दोघांचा ठोका दोन ठिकाणांहून येतो. बेसिकचं घड्याळ मशीनच्या क्रिस्टलवर चालतं, म्हणून ते बरोबर आहे. ६५२६ चिपमधलं तास-मिनिट-सेकंदांचं घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालतं. पॉवर सप्लायमधून येणाऱ्या नऊ व्होल्टच्या एसीचे हेलकावे ते मोजतं. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपल्याकडे पन्नास. तुमचा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हेलकावे बदलत नाही. चिप साठ हेलकाव्यांना सेकंद समजते, म्हणून साठ मिनिटांत तिची पन्नासच होतात.

उपाय एका ओळीचा. ५६३३४ या पत्त्यावरचा आकडा वाचा. तो १२८ पेक्षा कमी असेल तर त्यात १२८ मिळवून परत लिहा. चिप पन्नासवर येईल.

तरीही या घड्याळावर फार विसंबू नका. आपल्या राष्ट्रीय ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. दिवसभर ती ४९.९० वर राहिली तर घड्याळ जवळपास तीन मिनिटं मागे पडेल. पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टर लागला, की मग हेलकावे ग्रिडचे नाहीत, त्या इन्व्हर्टरचे. स्वस्त इन्व्हर्टर पन्नासच्या किती जवळ जातो हा नशिबाचा भाग. शेजारी पंप सुरू झाला तर विजेतल्या ठिणग्याही चिप हेलकावे म्हणून मोजू शकते.

वाचताना एक शिस्त पाळा. ५६३३१ वरचा तास आधी वाचायचा आणि ५६३२८ वरचा दशांश सेकंद शेवटी. तास वाचला की चिप सगळे आकडे तुमच्यासाठी गोठवते आणि दशांश वाचला की सोडते. आतलं घड्याळ त्या काळात चालूच असतं. नुसता तास वाचून थांबलात तर पडद्यावरचं घड्याळ बंद पडल्यासारखं दिसेल.

बारीक मोजणीसाठी याच चिपचे दोन सोळा बिटी टायमर वापरा. पहिला शून्यावर आला की दुसऱ्याने एक मोजायचं, अशी साखळी आतल्या आतच लावता येते. बीबीसी मायक्रोला वायर लागली, ती इथे लागत नाही.

शंका ५ : शाळेच्या गच्चीवर कलंडणाऱ्या चमच्याचं पर्जन्यमापक बसवलं आहे. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की चमचा कलंडतो आणि चुंबकाने रीड स्विच बंद होतो. बीबीसी मायक्रोवर मोजतोय. एका पावसात बादलीतल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट आकडा आला. मोजणी जास्त बारीक वेळेने करायला हवी का?
– विज्ञान मंडळ, सूर्यमाळ परिसर

समाधान : उलट, तुमची मोजणी गरजेपेक्षा बारीक आहे. रीड स्विचची पाती बंद होताना एक-दोनदा उडतात आणि मगच टेकतात. हे सगळं मिलिसेकंदभरात होतं. माणसाच्या कानाला एकच ‘टक’ ऐकू येतो, पण टायमरला दोन-तीन ठोके दिसतात. स्विचनंतर १० किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, म्हणजे दहा मिलिसेकंदांची गाळणी होईल. त्यापुढे ७४१४ चं एक गेट आणि मग १८ क्रमांकाची पिन. तासाला १०० मिलिमीटरच्या धो धो पावसातसुद्धा चमचा सात सेकंदांनी एकदा कलंडतो. दहा मिलिसेकंद गाळले तर खरा ठोका एकही जाणार नाही.

दुसऱ्या टायमरने चमचे मोजायचे आणि ‘टाइम’ने वेळ. इथे शतांश सेकंद भरपूर झाला. टायमरमध्ये ६५,५३६ चमचे मावतात, म्हणजे तेरा मीटरहून जास्त पाऊस. अख्ख्या हंगामात तो भरणार नाही. वीज गेली की मात्र आकडा पुसला जातो, म्हणून दर तासाला डिस्कवर किंवा प्रिंटरवर उतरवून ठेवा. गच्चीवरून येणारी लांब वायर वळवाच्या विजांमध्ये चिप जाळू शकते. मध्ये ऑप्टोकपलर घाला, म्हणजे सिग्नल प्रकाशाने पलीकडे जाईल आणि वायरीचा थेट संबंध राहणार नाही.

शंका ६ : माझ्या बीबीसी मास्टरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ आहे. मशीन महिनाभर बंद ठेवून तपासलं. पावसाळ्यात घड्याळ अचूक होतं. डिसेंबरात दहाएक सेकंद मागे पडलं. उन्हाळ्यात पुढे जाईल असं वाटलं होतं, तर मे महिन्यातही मागेच! बॅटरी बदलून पाहिली, फरक नाही.
– एक वाचक, जव्हार

समाधान : तुमची नोंद फार चांगली आहे, आणि तिचं उत्तर जव्हारच्या हवेतच आहे. १९८६ च्या मास्टरमधल्या या घड्याळाला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्रिस्टल असतो. मनगटी घड्याळात असतो तोच. त्याचा आकार चिमट्यासारखा आणि कापणी अशी, की साधारण २५ अंश सेल्सिअसला तो सर्वात जलद चालतो. त्याहून थंड झालं तरी मंदावतो आणि गरम झालं तरीही. मंदावण्याचं प्रमाण अंशांच्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: फरकाचा वर्ग गुणिले ०.०३५, एवढे दशलक्षांश. दहा अंशांचा फरक असेल तर ३.५ दशलक्षांश, म्हणजे दिवसाला ०.३ सेकंद आणि महिन्याला नऊ. पावसाळ्यात खोलीचं तापमान पंचविशीच्या आसपास राहतं, म्हणून घड्याळ नीट चाललं. डिसेंबरची थंडी आणि मेचं ऊन हे पंचविशीच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून घट दोन्हीकडे दिसली.

मशीनचा मुख्य १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल वेगळ्या कापणीचा असतो आणि तापमानाने इतका हलत नाही. पण तो मुळातच काही दशलक्षांशांनी पुढे किंवा मागे असू शकतो. पन्नास दशलक्षांश म्हणजे दिवसाला सव्वाचार सेकंद. तुमच्या मशीनचा आकडा किती, हे घरी काढता येतं. जीपीएसचा एक छोटा मॉड्यूल घ्या, ज्याला सेकंदाच्या ठोक्याची वेगळी पिन असते. उपग्रहांवरच्या अणुघड्याळांमुळे तो ठोका मायक्रोसेकंदाहूनही अचूक असतो. मॉड्यूल खिडकीत ठेवा, आकाश मोकळं दिसू द्या. ठोक्याची पिन यूझर पोर्टच्या २ क्रमांकाच्या पिनेला जोडा. ६५१३२ वर १६ लिहिलं की चिप ठोक्याची चढती कड पकडेल. मग पहिल्या उत्तरातलं मिलिसेकंदाचं घड्याळ चालू करून एका ठोक्याला आकडा वाचा आणि बरोबर हजार सेकंदांनी, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांनी, पुन्हा वाचा. प्रत्येक ठोक्याला ६५१३३ वरच्या आकड्यातला १६ चा बिट चढतो. तो दिसला की ६५१३३ वर १६ लिहून पुसा, म्हणजे पुढचा ठोका दिसेल. असे हजार मोजायचे.

क्रिस्टल अचूक असेल तर मधल्या काळात दहा लाख मिलिसेकंद मोजले जातील. टायमर पंधरा वेळा पूर्ण फिरून वर १६,९६० मोजेल. १६,९९० आले तर क्रिस्टल तीस दशलक्षांश जलद आहे, १६,९३० आले तर तेवढाच मंद. बेसिकच्या लूपमुळे दोन-तीन ठोक्यांचा घोळ राहील, तो सोडून द्या. आकडा एका चिठ्ठीवर लिहून मशीनच्या बुडाला चिकटवून ठेवा.

शंका ७ : पहिल्या पत्राचं उत्तर फोनवर मिळालं, त्याप्रमाणे वायर जोडली. आता मिलिसेकंद मिळतात. मग एक मीटर लांबीचा लंबक टांगून वीस दोलनं मोजली. वेळ दर वेळी जवळपास सारखाच येतो. पण गुरुत्व त्वरण ९.९५ येतंय. जव्हारजवळ एवढं असू शकत नाही. घड्याळ चुकतंय का?
– विज्ञान शिक्षक, आश्रमशाळा, मोखाडा तालुका

समाधान : आपला अक्षांश सुमारे वीस, आणि जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. या दोन गोष्टींवरून इथलं त्वरण ९.७८५ येतं. तुमचं १.७ टक्क्यांनी जास्त आहे. घड्याळाने एवढी चूक करायची तर क्रिस्टल साडेआठ हजार दशलक्षांशांनी मंद असायला हवा, म्हणजे दिवसाला बारा मिनिटं. बिघडलेला क्रिस्टल बंद पडतो, असा चालत राहत नाही. शिवाय वेळ दर वेळी सारखा येतोय असं तुम्हीच लिहिलं आहे.

दुसरा संशय झोक्याचा. लंबक जास्त खेचून सोडला तर दोलनाला जास्त वेळ लागतो: २० अंशांना पाऊण टक्का, १० अंशांना ०.२ टक्के, ५ अंशांना ०.०५. पण वेळ वाढला की त्वरण कमी येतं. तुमचं जास्त आलंय, म्हणजे हे कारण नाही. झोका तरी पाच अंशांतच ठेवा.

दोलनं मोजताना एखादं जास्त मोजलं गेलं, म्हणजे एकोणीसला वीस म्हटलं, तर त्वरण जवळपास अकरा टक्क्यांनी वाढेल. तेही इथे बसत नाही.

राहिली लांबी. त्वरण १.७ टक्क्यांनी जास्त येतंय, तर लांबी १.७ टक्क्यांनी जास्त धरली गेली आहे. मीटरचे १.७ टक्के म्हणजे १७ मिलिमीटर. तुमच्या गोळ्याचा व्यास मोजून बघा. तो ३४ मिलिमीटरच्या आसपास निघाला तर समजा की पट्टी गोळ्याच्या तळापर्यंत लावली गेली आहे. लांबी दोऱ्याच्या अडकवलेल्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतच धरायची. वरच्या टोकालाही दोरा खिळ्याभोवती गुंडाळू नका. दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट चिमटा, म्हणजे लंबक नेमका कुठून हलतो ते कळेल.

आता उत्तर किती आकड्यांपर्यंत लिहायचं तेही मुलांना सांगा. वीस दोलनांना सुमारे ४०.१७ सेकंद लागतात. त्यात एका मिलिसेकंदाची चूक ०.००२५ टक्के, आणि क्रिस्टलची चूक तपासली नाही तरी ०.००५ टक्के धरा. शाळेच्या पट्टीने लांबी एका मिलिमीटरपर्यंतच मोजता येते, ती चूक ०.१ टक्के. म्हणजे घड्याळ पट्टीपेक्षा कितीतरी अचूक आहे आणि उत्तराची मर्यादा पट्टी ठरवते. बेसिक भागाकार करून दशांशचिन्हानंतर सात-आठ आकडे छापेल, ते वहीत उतरवायचे नाहीत. ९.७९, अधिक-उणे ०.०१, एवढंच लिहायला सांगा. ज्याला तिसरा दशांश हवा असेल त्याने चांगल्या पट्टीने लांबी मोजून यावं.